रानातल्या तळ्यावर वर्षांनी परत जाताना: तुमचे अनुभव लिहा

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या रानात लहान-मोठी बरीच तळी आहेत. बाहेरगावी स्थायिक झालेली माणसं पंधरा-वीस वर्षांनी तिकडं जातात आणि "तळं आटलं" म्हणत परत येतात. ते खरंच आटलंय, गाळानं भरलंय, की आपण वेगळ्याच महिन्यात गेलो, हे कसं ओळखायचं? वाट कशी काढायची? ज्यांना ठाऊक आहे त्यांनी वर आपल्या गावाचं नाव घालून नेमकं लिहावं.

कणकुंबी

तुलना करायची तर महिना तोच हवा. आपल्याकडचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात पडतो. ऑक्टोबरात सांडव्याला (जादा पाणी बाहेर पडायच्या वाटेला) टेकलेलं पाणी एप्रिलपर्यंत बरंच खाली जातं. तेव्हा काठावर उभं राहून पाणी किती दिसतं त्यावर काही ठरवू नका. सांडव्याची कड ही कायमची खूण. सगळी मापं तिथून घ्या.

वीस फुटी नायलॉन दोरी, टोकाला अर्धा किलोचा दगड, दर फुटाला गाठ. बांधावरून जिथं पाणी सर्वांत खोल वाटतं तिथं सोडा. पाणी सांडव्यापेक्षा जितकं खाली असेल तेवढं त्यात मिळवा. आता सरळ बांबू घेऊन खाली दाबा. आधी मऊ जातो, मग टणक लागतं. मधलं अंतर म्हणजे गाळ. तो जाड आणि खोली कमी, तर तळं भरत चाललंय. गाळ थोडाच आणि तरी पाणी नाही, तर दोष बांधात किंवा मोरीत (पाणी सोडायच्या वाटेत) शोधा.

हे सगळं बांधावरूनच करायचं. सुकलेला काठ वरून भेगाळलेला, घट्ट दिसतो, पण खाली चिखल ओलाच असतो. जनावरंसुद्धा त्यात रुततात.

खानापूर

बांधाबद्दल थोडं अधिक. बाहेरच्या पायथ्याला पाझर असतोच, स्वच्छ असेल तर घाबरू नये. गढूळ पाणी येत असेल तर आतली माती वाहून जातेय. ते त्याच दिवशी गावात सांगा. खेकड्यांची बिळं, वारुळं, बांधावर उगवलेली मोठी झाडं, तिन्ही वाईट. झाड मेलं की मूळ कुजतं आणि पाण्याला आयतं नळकांडं मिळतं.

सांडव्यावर दगड किंवा मातीच्या पिशव्या रचलेल्या आहेत का तेही बघा. जास्त पाणी राहावं म्हणून किंवा जाळं लावायला कुणीतरी रचतं. मग मोठ्या पावसात पाणी सांडव्याऐवजी मातीच्या बांधावरून जातं, आणि मातीचा बांध तेवढ्यानं फुटू शकतो.

बेळगाव, टिळकवाडी

निघण्याआधी घरी बसून करायचं काम. कॉम्प्युटरवरच्या गूगल अर्थमध्ये जुनी उपग्रहचित्रं वर्षवार दिसतात. फेब्रुवारी ते एप्रिलमधलीच चित्रं शेजारी ठेवा. पावसाळ्यातली ढगांनी भरलेली असतात. सर्व्हे ऑफ इंडियाचे आपल्या भागाचे जुने नकाशे ४८ आय मालिकेतले. त्यात पायवाटा तुटक रेषेनं दाखवलेल्या असतात. नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या, आत रेंज मिळेलच असं नाही.

जुन्या फोटोशी आताची जागा जुळवायची असेल तर खूण म्हणून जांभ्याचा कातळ धरा, झाड नको.

नागरगाळी

जुनी वाट डोक्यात असते तशी जमिनीवर नसते. वस्ती उठली, म्हशी थांबल्या, की एक-दोन पावसाळ्यांत रानमोडी आणि घाणेरी ही झुडपं वाट गिळतात. रानमोडीला गुरं तोंड लावत नाहीत, म्हणून ती हटत नाही. गवळीवाड्यातलं म्हातारं माणूस सोबत घ्या. त्यांच्याइतकी वाट कुणाला माहीत नाही. जिथं अजून गुरं जातात तिथं फाटे उताराकडं एकत्र येत जातात आणि शेण वाढत जातं, तिकडं पाणी.

भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झालं. पूर्वी जिथं सहज जाता यायचं ते तळं आता त्या हद्दीत असेल तर आधी फॉरेस्टची परवानगी काढा. पाण्यावर गवे आणि अस्वलं येतात, म्हणून ऊन वर आल्यावर पोचायचं आणि चारच्या आत निघायचं.

कणकुंबी

वरचं बरोबर. फक्त डिसेंबर ते मे माकडतापाचे (गोचिडीच्या चावण्यानं होणाऱ्या तापाचे) दिवस, एवढं जोडतो. पाचोळ्यावर बसू नका, पँट मोज्यात खोचा, घरी आल्याआल्या अंगावर गोचीड बघा आणि कपडे गरम पाण्यात टाका. गोचीड चावल्यावर साधारण तीन ते आठ दिवसांत जोराचा ताप आणि डोकेदुखी सुरू होऊ शकते. तेव्हा डॉक्टरांना रानात गेल्याचं आपण होऊन सांगा. मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, आरोग्य केंद्राला किंवा फॉरेस्टला कळवा.

लोंढा

पक्षी बघायचे तर डिसेंबर-जानेवारी. अडई, टिबुकली, कमळपक्षी दिसले तर काठची वनस्पती अजून शाबूत आहे असं समजा. पाण्यावर जलपर्णी पसरलेली दिसली तर वरच्या अंगाला शेतं झाली आहेत का ते बघा, खताच्या पाण्यावर ती झपाट्यानं वाढते. थोडी असतानाच मुळासकट काढून काठापासून लांब, चढावर वाळत टाका. काठालाच ढीग घातला तर पुढच्या पावसात ती परत तळ्यात.