माक्याचं तेल आंबतंय, आणि वनौषधी शिकायला सुरुवात कुठून करावी?

वाईकर
माक्याचं तेल, अडुळशाचा काढा, गुळवेलीचं सत्त्व नीट शास्त्राप्रमाणे करायला शिकायचंय. जमलं तर पुढे हेच काम करायचा विचार आहे. अडचण अशी की माका वाटून तिळाच्या तेलात उकळला, तर तीन आठवड्यांत आंबूस वास येतो आणि बाटलीच्या तळाशी पाण्यासारखा थर दिसतो. दुसरं म्हणजे कोणती झाडं आधी शिकावीत, आणि कोर्स लागतो का?

कृष्णाकाठ
तळाचा थर म्हणजे रसातलं पाणी. तेल कच्चं उतरवलंय. नुसतं जुनं झालेलं तेल खवट होतं, आंबत नाही. आंबूस वास आला की पाणी राहिलंय असंच समजायचं.

अंगरसात (ताज्या पाल्याच्या रसात) तेल सिद्ध करायचं तर तेलाच्या चौपट रस आणि आठव्या भागाइतका कल्क, म्हणजे वाटलेला पाला. सुरुवातीला २०० मिली तीळतेल, ८०० मिली माक्याचा गाळलेला रस आणि २५ ग्रॅम वाटलेला माका घ्या. नुसता पाला तेलात तळला तर तो वरून करपतो आणि आत ओलाच राहतो, बहुतेकांचं तेल इथेच बिघडतं.

भांडं जाड बुडाचं, रुंद आणि निम्म्याहून जास्त रिकामं हवं, कारण शेवटी फेस वर चढतो. आच मंद ठेवा. पाणी आटत आलं की कल्क बुडाला धरतो, तेव्हा उलथन्यानं खरवडत राहा. घाई करायची नाही, पण सगळी कसोटी शेवटच्या दहा मिनिटांत असते. चिमूटभर कल्क काढून बोटांत वळा. त्याची वात झाली पाहिजे. ती वात विस्तवावर धरली आणि तडतडली, तर पाणी आहे. आवाज न करता जळली, तर तेल झालं. तेलावर फेस येणं हीही खूण आहे (तुपाचं उलटं, तिथे फेस मोडतो). कल्क कडक झाला, तर पाक खर, म्हणजे गरजेपेक्षा जास्त झाला. ते तेल फार तर मालिशला. कल्क काळा पडून जळका वास आला, तर तेल वाया गेलं.

गरम असतानाच कापडातून गाळा. रात्रभर स्थिर ठेवून वरचं तेल हळूच ओतून घ्या, तळाचा गाळ बाटलीत जाऊ देऊ नका. बाटली धुतल्यावर दोन दिवस कडक उन्हात वाळवा. पावसाळ्यात तेवढं ऊन मिळत नाही, म्हणून तेल हिवाळ्यात करावं.

डोंगरवाट
तेलाआधी ओळख. माका (एक्लिप्टा) म्हणून दिलेला पाला पुष्कळदा एकदांडी (ट्रायडॅक्स) निघतो. एकदांडीचं फूल लांब उघड्या दांड्यावर एकटं उभं असतं, मध्ये पिवळं. माक्याची फुलं बारीक पांढरी, पानांच्या बेचक्यात, आणि देठ चुरडला की रस हवेत काळपट पडतो. ही चाचणी सर्वांत सोपी.

गुळवेलीतही अशीच गफलत होते, तिची जात-भाई टिनोस्पोरा क्रिस्पा. आयुष मंत्रालयाने २०२२ साली दोन्ही वेगळ्या ओळखण्याच्या खुणा प्रसिद्ध केल्या. क्रिस्पाच्या करड्या खोडावर ठळक गाठी असतात आणि छेद दिल्यावर दुधासारखा चीक येतो. खऱ्या गुळवेलीचं खोड हिरवट, बिनगाठींचं, स्राव पाण्यासारखा.

एका सातारा जिल्ह्यात दोन वेगळी जगं आहेत. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, माणला साधारण पाचशे. म्हणून वाईच्या परिसरातली दहाच झाडं निवडा आणि त्यांचं वर्ष बघा: पालवी, फूल, फळ, पानगळ. प्रत्येकाचा फुलासकट नमुना वर्तमानपत्रात दाबा, कागद रोज बदला. तारीख, जागा आणि फुलाचा रंग लगेच लिहा, वाळल्यावर रंग जातो. शंका असेल तर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्र विभागाच्या संग्रहाशी ताडून पाहता येतं. कास, कोयना, चांदोली या संरक्षित भागांतून एक पानही तोडू नका. नरक्यासारखी झाडं औषधासाठीच बेसुमार तोडली गेली.

गुळवेलीच्या सत्त्वासाठी अंगठ्याएवढं जाड ताजं खोड १ किलो, साल खरवडून, कुटून ४ लिटर पाण्यात रात्रभर. सकाळी हातानं चोळा, गाळा, चार तास निवळू द्या, वरचं पाणी ओता. खालचं पांढरं तेच सत्त्व. तपकिरी दिसलं तर साल राहिली. उन्हाळ्यात जास्त वेळ ठेवलं तर आंबतं.

हळदबाजार
कायद्याचं थोडक्यात. लोकांना तपासून औषध द्यायचं तर बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी) आणि नोंदणी हवी: ‘नीट’ (NEET) ही प्रवेश परीक्षा, मग इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. छोट्या प्रमाणपत्र कोर्सनं तो अधिकार मिळत नाही. औषध म्हणून तेल विकायचं तर १९४० च्या औषध कायद्याखाली उत्पादन परवाना लागतो, आणि मधुमेह किंवा कर्करोग बरा होतो अशी जाहिरात १९५४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. ओळखणं, लावणं, सुकवणं आणि काष्ठौषधीवाल्याला (वनौषधींच्या दुकानदाराला) स्वच्छ माल देणं, हे कामही मोठं आहे आणि त्यात माणसं कमी आहेत.

आणखी एक. अडुळसा गरोदर बाईला देऊ नये. मधुमेहाच्या गोळ्या चालू असणाऱ्याला गुळवेल परस्पर देऊ नका, साखर जास्त उतरू शकते. गुळवेलीनंतर यकृताला सूज आल्याची प्रकरणं २०२१ पासून वैद्यकीय नियतकालिकांत आली आहेत. शेजाऱ्यानं मागितलं तरी आधी त्याच्या डॉक्टरला किंवा वैद्यांना विचारायला सांगा.

वाईकर
आभारी आहे. काढ्याचं प्रमाण?

कृष्णाकाठ
अडुळशाच्या सुक्या पानांची भरड १० ग्रॅम, पाणी १६० मिली, झाकण न ठेवता ४० वर आणा. बारीक पूड घेऊ नका, गाळता येत नाही आणि तळाला करपते. स्टीलचं भांडं चालेल. हिरड्याच्या काढ्याला मात्र लोखंड नको, तुरटपणामुळे काळा पडतो. काढा त्याच दिवशी संपवा.