डिस्टॉर्शन पेडलला डायोड बदलायचा स्विच लावला आणि आवाजच मेला, मदत हवी आहे

मंडळी, नमस्कार. मी डिचोलीचा. गिटार बरीच वर्षं वाजवतो, सोल्डरिंग मात्र या पावसाळ्यातच शिकलो. बाहेर पडायची सोय नव्हती, म्हणून घरी एक डिस्टॉर्शन पेडल, म्हणजे गिटारचा सूर मुद्दाम फाटका करणारी डबी, केलं. एमएक्सआर कंपनीच्या डिस्टॉर्शन प्लस पेडलच्याच वळणाचं: सिग्नल वाढवणारी ७४१ चिप, ९ व्होल्टची बॅटरी, पिन ६ वरून १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, मग १० किलोओहम, तिथून सुराची शिखरं कापणारे दोन १एन४१४८ सिलिकॉन डायोड उलटसुलट ग्राउंडला, शेवटी १० किलोचा व्हॉल्यूम पॉट (आवाज कमी-जास्त करायची खुंटी). सुरेख वाजत होतं.

मग हाव सुटली. मधे बंद राहणारा तीन टप्प्यांचा टॉगल मुंबईहून मागवला. एका बाजूला सिलिकॉनची जोडी, दुसऱ्या बाजूला दोन लाल एलईडी, मधे काहीच नाही. व्हेरोबोर्डवर (भोकांच्या, तांब्याच्या पट्ट्यांच्या बोर्डवर) वायरींना जागा होईना, तेव्हा कपॅसिटर आणि १० किलोच्या रेझिस्टरची अदलाबदल केली. दोघे एकाच रांगेत, पुढे कोण नि मागे कोण याने काय बिघडतं, असं वाटलं.

आता मधल्या टप्प्यावर दणदणीत वाजतं. सिलिकॉनवर नेलं की डास गुणगुणल्यासारखं. एलईडीवर किंचित बरं, पण मरगळलेलंच. शिवाय स्विच हलवला की अँपमधून फाट्‌कन असा आवाज येतो की शेजारचं कुत्रं भुंकायला लागतं. डायोड जिथे जोडलेत तिथे मल्टिमीटर लावला: मधे ४.५ व्होल्ट, सिलिकॉनवर ०.६, एलईडीवर १.६. गिटारची पिन काढली तरी एक एलईडी मंद पेटलेली असते. दिसायला छान दिसते, म्हणून मी खूश होतो.

आणखी एक. आजोबांच्या मोडक्या ट्रान्झिस्टरमधून ओए७९ हा जर्मेनियम डायोड मिळाला, पण एकच. त्याचा काही उपयोग? चवथीत वाड्यावर कार्यक्रम आहे, तोवर हे मार्गी लागायला हवं.

प्रतिसाद:
ती मंद पेटलेली एलईडीच चोर दाखवते आहे. गिटार नसताना ती पेटते कशावर? चिपच्या पिन ६ वर कायम ४.५ व्होल्ट डीसी, म्हणजे न बदलणारं व्होल्टेज, असतं. कपॅसिटर ते अडवत होता, तुम्ही त्याला डायोडच्या पलीकडे नेलंत. आता डीसी १० किलोमधून थेट डायोडमध्ये उतरतं, एक डायोड सतत उघडा राहतो आणि तुमचा सूर त्यातूनच ग्राउंडला जातो. स्विच हलवला की ०.६ वरून ४.५ वर उडी, तोच फाट्‌कन आवाज. आधी कपॅसिटर, अधिक टोक चिपकडे, मग रेझिस्टर, मग डायोड. तिथे मीटर शून्य दाखवायला हवा.

हे झालं की पुढची तक्रार येईल: एलईडी आणि मधला टप्पा सारखेच वाजतात. कारण तुमचा पॉट. १० किलोचा रेझिस्टर आणि १० किलोचा पॉट मिळून सिग्नल निम्मा करतात. ७४१ कडून मुळात ३ व्होल्टच्या आसपासच शिखर मिळतं, त्याचं दीड झालं की लाल एलईडी जागीच होत नाही. पॉट १०० किलोचा लावा.

ओए७९ एकटा चालेल. सिलिकॉनच्या जोडीतला एक काढून तिथे त्याच दिशेने बसवा. सुराच्या लहरीची एक बाजू ०.३ व्होल्टला कापली जाईल, दुसरी ०.६ ला, त्यामुळे सुरात सम हार्मोनिक्स (मूळ सुराच्या दुप्पट, चौपट कंपनांचे सूर) येतात. डाग देताना त्याचा पाय पक्कडीत धरा, जर्मेनियमला उष्णता सोसत नाही.

धागाकर्ता:
कपॅसिटर जागेवर नेला, मीटर शून्य, कुत्रं गप्प. पॉटबद्दल तुम्ही म्हणालात तसंच झालं. १०० किलोचा म्हापशात एका टीव्ही दुरुस्तीवाल्याच्या डब्यात सापडला, थोडा खरखरतो, पण चालतोय. ओए७९ पण बसवला. तारेच्या घर्षणासारखा उग्रपणा गेला, कडा मऊ झाल्या.

आता ओए७९ वरून एलईडीवर गेलं की आवाज एकदम उसळतो. हे कमी कसं करायचं ते विचारणार होतो, पण काल तालमीत सोलोच्या वेळी तोच टप्पा दाबला आणि ड्रमवाल्यानेच सांगितलं, हात लावू नकोस.