दुर्बिणीची खोली कुठं बांधू: जैसलमेरच्या वाळूत की अथणीच्या माळावर?

मंडळी, जरा सल्ला हवाय.

मी खानापूरचा, फौजेतून निवृत्त. घरी आठ इंची परावर्ती दुर्बीण आहे, मोटरवाल्या माउंटसकट. रोज अंगणात काढा, ध्रुवावर नेम धरा, यातच तास जातो. म्हणून सरकत्या छपराची आठ बाय दहाची कायमची खोली बांधायचीय. खानापुरात नकोच. गेल्या पावसाळ्यानंतर पेटी उघडली तर आरशाच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी!

जैसलमेरच्या पुढं माझ्या जुन्या जोडीदाराची जमीन आहे, तो जागा द्यायला तयार आहे. नोकरीत असताना तिथं वाळूवर शुक्राच्या उजेडात माझ्याच हाताची सावली पाहिलीय. ते डोक्यातून जात नाही. पण रस्त्यानं दीड हजार किलोमीटरच्या वर अंतर, उन्हाळ्यात आंधी. बायको म्हणते, "वाळू मोजायला चाललाय काय?" (लडाखमधल्या हानलेचा विचारही करून झाला, तिथलं आकाश गडद काळं. साडेचार हजार मीटरवर या वयात दम लागतो.)

दुसरी जागा सासरवाडीची, अथणीकडं. पाऊस कमी, सकाळी निघालं की जेवणाला पोच. शिवाय नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ तिथं क्षितिजापासून २५ अंशांच्या वर येतो, जैसलमेरला जेमतेम १५. पण थंडीत आकाश निवळतं तेव्हाच कारखान्यांचा गळीत हंगाम. रात्रभर दिवे, वर पाचटाचा धूर.

मन अजून वाळवंटाकडंच ओढतंय. तिथं बांधायचं तर कशानं?

आमचा गवंडी म्हणतो, "स्लॅब टाका की, डोक्याला ताप नाही." पण स्लॅब आणि विटा दिवसभराची ऊब रात्रभर सोडत बसतात. त्या गरम हवेतून गुरू बघितला तर वाहत्या पाण्यातल्या नाण्यागत थरथरतो. नुसता पत्रा लवकर निवतो, पण दुपारी आत भट्टी. म्हणून भिंती-छप्पर पफ पॅनेलचं (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं), बाहेरून पांढरं, असं ठरवतोय. कुणी वापरलंय का? वाऱ्याला टिकतं का?

दुर्बिणीचा खांब काँक्रीटचा, त्याचा पाया वेगळा आणि जमिनीच्या कोब्यापासून बोटभर फट सोडलेली, म्हणजे चालताना हादरा पोचणार नाही. मोकळ्या वाळूत हा पाया किती खोल न्यायचा?

खरी धास्ती चाकांची आहे. सरकत्या गेटची खाचेची चाकं उलट्या अँगलवर चालवायचीत. ग्रीस लावलं तर वाळू चिकटून पॉलिश पेपरच होणार. कोरडीच ठेवू का? आणि छप्पर उडू नये म्हणून कोपऱ्यांना आकडे पुरतील की आडवी पट्टी लागेल?

राजस्थानात किंवा कच्छच्या रणात असं काही केलेलं कुणी असेल तर फोटो टाका. जोडीदार होळीला गावी येतोय, तोवर त्याला पायाचं माप कळवायचंय.