टिपणं ठेवणाऱ्यांचाही मान
मनोविश्लेषणातले, म्हणजे बोलण्यातून मनाचा तळ शोधणाऱ्या उपचारशास्त्रातले पुरस्कार ग्रंथ लिहिणाऱ्यांकडेच जातात, हे म्हणणं मला पटतं. १९३० साली या शास्त्राचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांना जर्मनीतल्या फ्रांकफुर्ट शहराचा गोएथे पुरस्कार मिळाला. ते आजारी होते, म्हणून मुलगी ॲना तिथे गेली आणि त्यांचं भाषण तिनेच वाचलं. पण ॲनाचं स्वतःचं काम बघा ना! दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या हॅम्पस्टेडमध्ये सहकारी डोरोथी बर्लिंगहॅमसोबत तिने लहान मुलांसाठी निवासी पाळणाघरं चालवली. आई भेटून गेल्यावर मूल कसं वागलं, जेवलं की नाही, काय बोललं, हे तिथल्या तरुण मदतनीस मुली टिपून ठेवायच्या. आईपासून ताटातूट झालेल्या मुलांचं दुःख समजायला त्या टिपणांचा केवढा आधार झाला! मनोविश्लेषणातल्या कामासाठी दिल्या जाणाऱ्या सिगर्नी पुरस्कारासारखे सन्मान हवेतच, पण मानपत्रात अशा हातांचाही उल्लेख यावा, असं फार वाटतं.