कापडाला हात लावू द्यायचा की नाही

आपल्या विणकामाच्या ग्रुपच्या प्रदर्शनात लोकांना सगळं हाताळू द्यावं, नाहीतर मजा काय, असं काहींचं म्हणणं आहे. अर्धंच पटलं. हाताचा घाम आणि तेल धाग्यात मुरतं, पांढऱ्या सुताचं तर दोन दिवसांत वाटोळं होतं. त्यापेक्षा प्रत्येकाने त्याच धाग्याचा, त्याच विणीचा एक छोटा तुकडा करून टेबलावर ठेवा, लोकांना काय चिवडायचं ते चिवडू दे.

मला खरी भीती लाइटची वाटते. फोटो छान येतात म्हणून स्पॉटलाइट मारतात, पण म्युझियमवाले कापडासाठी साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) वर जात नाहीत, कारण उडालेला रंग काही केलं तरी परत येत नाही, आणि नैसर्गिक रंगातली हळद तर सगळ्यात आधी जाते.

टांगताना खिळे नकोत प्लीज. वेल्क्रोची मऊ बाजू कापडाच्या वरच्या कडेला मागून शिवायची, खरखरीत बाजू लाकडी पट्टीवर, म्हणजे वजन सगळीकडे सारखं पडतं.

बाकी "ही कला की हस्तकला" हा वाद आता पुरे हो. न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या म्युझियमने १९६९ मध्येच धाग्यांच्या कलाकृतींचं 'वॉल हँगिंग्ज' हे प्रदर्शन भरवलं होतं, आणि आपल्या शिल्पकार मृणालिनी मुखर्जींनी तागासारख्या जाड दोऱ्यांना गाठी मारमारून माणसाएवढी शिल्पं उभी केली, ती बघून कोणी हस्तकला म्हणून दाखवावं!

लेबलवर फक्त 'मिश्र माध्यम' लिहू नका, धागा कुठला, रंग कशाचा, तंत्र काय ते लिहा. विणणारे लोक आधी तेच वाचतात.