मदत हवी आहे: पेटंटच्या परवाना करारात स्पर्धा कायदा आडवा येतो का?

ठिबकवाला:
ठिबक सिंचनाच्या एका फिल्टरचे पेटंट माझ्या नावावर आहे आणि सांगलीकडच्या एका उत्पादकाला त्याचा परवाना द्यायचा आहे. आतली जाळी माझ्याकडूनच घ्यावी, ठरलेल्या किमतीखाली विकू नये, त्यांनी केलेली सुधारणा केवळ माझ्या मालकीची व्हावी आणि पेटंटच्या वैधतेला आव्हान देऊ नये, अशा अटी मी घातल्या. त्यांच्या वकिलांनी चारही अटींखाली लाल रेघ ओढून समासात ‘स्पर्धा कायदा?’ एवढेच लिहून पाठवले. पेटंट म्हणजेच मक्तेदारी ना? सोमवारी सह्या आहेत. कृपया लवकर सांगावे.

दाखलेबाज:
निश्चिंत राहा. एरिक्सन या दूरसंचार कंपनीच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने 2023 मध्ये पेटंट परवान्याच्या अटींबाबत पेटंट कायदाच वरचढ ठरवला आणि 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पर्धा आयोगाचे अपील फेटाळले. विषय संपला.

वकीलमावशी:
संपला कसा? ज्या पेटंट कायद्याचा आधार आपण देता, त्याच्याच कलम 140 नुसार पेटंटबाहेरची वस्तू ठरावीक माणसाकडूनच घेण्याची सक्ती, सुधारणांचे एकतर्फी हस्तांतर आणि वैधतेला आव्हान देण्यास मनाई या अटी निरर्थक ठरतात. त्यासाठी आयोगाची गरजच नाही. बाजारातील स्पर्धेला मारक करार रोखणाऱ्या स्पर्धा कायद्याचे कलम 3(5) पेटंटधारकाला सवलत देते, परंतु ती हक्करक्षणासाठी आवश्यक आणि वाजवी अशा अटींपुरतीच. ठिबकवाले, जाळी पेटंटच्या दाव्यांत, म्हणजे पेटंटने संरक्षण दिलेल्या भागांच्या वर्णनात, येते का? आणि हे उत्पादक स्वतःचा फिल्टरही विकतात का?

कारखानदार:
एवढा काथ्याकूट कशाला? जाळीचा पुरवठा करार वेगळ्या कागदावर करा. आम्ही तसेच करतो. शिवाय सुट्या भागांना त्याच कलमात सूट आहे.

वकीलमावशी:
वेगळ्या करारात घातल्याने अशी अट सुटत नाही, असे 140(2) मध्येच म्हटले आहे. सुट्या भागांची सूट भाडेपट्टा किंवा वापराच्या परवान्यात, दुरुस्तीच्या भागांपुरती आहे. येथे परवाना उत्पादनाचा आहे. त्याहून वाईट म्हणजे अशी अट असलेला करार अमलात असताना उद्या कोणी तुमची नक्कल केली, तर 140(3) प्रमाणे तोच करार त्याचा बचाव ठरू शकतो.

शेतीमित्र:
पेटंटचा प्रत्यक्ष वापर होतो का ते पेटंट कार्यालयाला कळवणारा फॉर्म 27 भरला आहे ना? 2024 च्या नियमांपासून तो तीन आर्थिक वर्षांतून एकदा द्यावा लागतो.

ठिबकवाला:
फॉर्मचा प्रश्न मी विचारलेला नाही. जाळी साधी स्टीलची, 120 मेशची (एका इंचात 120 छिद्रे) आहे, दाव्यांत नाही. त्यांचा स्वतःचा चकतीचा फिल्टर बाजारात आहे, आणि किमतीची अट दोघांच्याही मालाला लागू आहे. हे सांगण्यासारखे वाटले नव्हते.

वकीलमावशी:
सर्वांत आधी हेच सांगायला हवे होते. तुम्ही प्रतिस्पर्धी आहात आणि दोघांच्या मालाची किंमत ठरवत आहात. स्पर्धा कायद्याचे कलम 3(3) अशा कराराचा स्पर्धेवर प्रतिकूल परिणाम होतो असे गृहीत धरते, आणि त्यांचा चकतीचा फिल्टर तर तुमच्या पेटंटच्या कक्षेतच नाही. एरिक्सनचा वाद रॉयल्टीच्या मागणीचा होता. त्यावर येथे विसंबू नका.

दाखलेबाज:
दोघांच्या किमतींचे मूळ प्रश्नात नव्हते. त्यापुरते मान्य.

ठिबकवाला:
मग त्यांनी भाव पाडले तर मी काय करायचे?

वकीलमावशी:
प्रत्येक नगामागे ठरावीक रॉयल्टी घ्या, म्हणजे त्यांनी स्वस्त विकले तरी तुमचे उत्पन्न घटणार नाही. जाळीसाठी पुरवठादाराऐवजी 120 मेश आणि स्टीलचा दर्जा लिहा. सुधारणा वापरण्याचा हक्क मागा, मालकी नको. आव्हानाची अट वगळा, आणि सोमवारची सही पुढे ढकला.