‘नंतर वाचू’ : साठवलेल्या आणि पाठवलेल्या लिंकांचे अनुभव

काल जुना लॅपटॉप आवरायला घेतला तर ब्राउझरमध्ये ‘नंतर वाचू’ नावाचं फोल्डर निघालं. आत १,३८६ लिंका! पहिल्या दहा उघडल्या, त्यातल्या सहा गचकलेल्या. सातवी केंब्रिजच्या त्या कॉफीच्या भांड्याची. भांड्यात कॉफी आहे का हे जागेवरून दिसावं म्हणून १९९१ मध्ये तिथल्या संगणकवाल्यांनी त्याच्यावर कॅमेरा लावला, १९९३ मध्ये तो वेबवर आला, २००१ मध्ये बंद केला. ही लिंक मी एका मित्राला पाठवली होती. त्याचं एका ओळीचं उत्तर : ‘मग आता कॉफी उरलीय का हे त्यांना कसं कळतं?’ दोन दिवस हसत होतो. हल्ली तो वर्षातून एकदा, वाढदिवसाला ‘हॅबड’ पाठवतो.

तुम्ही काय काय साठवलंत, कुणाला पाठवलंत? येऊ द्या.

आळशी_मांजर : वाखु (वाचनखूण) साठवली आहे.

तिरपागडा : @मांजर म्हणजे आता हा धागा तू जन्मात वाचणार नाहीस =))

निवांत : फोनवरच्या क्रोममध्ये ९९ च्या वर टॅब गेले की आकडा जाऊन हसरा चेहरा येतो. फोन बिघडला म्हणून मी दुकानात घेऊन गेलो होतो. तिथला मुलगापण तसाच हसला.

शब्दवेडी : माझे बाबा रोज सकाळी पाच-सहा लिंका पाठवतात. मी न उघडताच ‘वा!’ लिहायचे. एकदा फोन आला, ‘वा काय? ही लिंक उघडत नाहीये, काय करू, असं विचारलं होतं मी.’

तेव्हापासून निदान खालचं वाचते.

जुनाखोड : गूगल रीडर. ज्यांना कळलं त्यांना कळलं. सगळ्या ब्लॉगांवरचं नवं लिखाण एका जागी यायचं, न वाचलेले १०००+ दिसायचे आणि एका क्लिकमध्ये सगळं ‘वाचलं’ करून टाकायचं, काय सुख होतं! १ जुलै २०१३ ला बंद झालं. मी फीडची यादी उतरवून घेतली होती बरं का. कुठे ठेवली ते विचारू नका.

खटपट्या : धागाकर्ते, गचकलेले पत्ते वेबॅक मशीन या जुन्या पानांच्या साठ्यात टाकून बघा. इंटरनेट अर्काइव्हवाले १९९६ पासून पानं जमवताहेत. प्यू रिसर्चच्या पाहणीत २०१३ मधली ३८ टक्के पानं दहा वर्षांनी जागेवर नव्हती, तेव्हा तुमचंच नशीब फुटकं असं काही नाही. आवडलेलं पान तिथं आपणहून साठवताही येतं. मी आधी ते करतो, मग लिंक पाठवतो.

तिरपागडा : फ्लॅशचे गेम पण गेले ना २०२० च्या शेवटी :(

खटपट्या : रफल नावाचं फ्लॅश चालवणारं सॉफ्टवेअर वापरून बघ, बरेचसे चालतात. (बाकी सवडीने लिहितो, कपडे वाळत घालायचेत.)

रिकामटेकडी : मी दोन वर्षं दर शुक्रवारी अकरा जणांना पाच लिंका मेल करायचे. नियम एकच, प्रत्येकीखाली ‘हे का पाठवतेय’ त्याच्या दोन ओळी. शोधायला अर्धा तास, त्या दोन ओळींना अख्खी संध्याकाळ. एका शुक्रवारी घाईत लिंकाच चिकटवायला विसरले, नुसत्या ओळी गेल्या. एकानेही विचारलं नाही! उलट एकीने लिहिलं, ‘तिसरं फार आवडलं.’

चिडून बंद केलं. महिन्याभराने तिचाच मेल, ‘शुक्रवार सुना जातोय गं.’ आता तिला एकटीलाच पाठवते. लिंकेसकट.

शब्दवेडी : दंडवत घे बाई __/\__

निवांत : अवांतर : लॅपटॉप विकताय का?

धागाकर्ता : @खटपट्या सहापैकी चार सापडली! एकात चित्रांच्या जागी नुसत्या चौकटी आहेत, पण मजकूर शाबूत. कॉफीवाली लिंक मित्राला परत पाठवली. दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही अजून.

@निवांत नाही हो, १,३७६ बाकी आहेत.

जुनाखोड : लिनक्स टाका त्याच्यावर.